घाटाची हिवाळी वाट

अमुक रस्ता कोणी बांधला असें विचारलें, तर आपण एखाद्या राजाचें, सुभेदाराचें किंवा इंजिनियरचें नांव सांगतों. बुलढाणा जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर या प्रश्नाचें उत्तर निराळें द्यावें लागेल. येथील रस्ता कित्येक शतकें हिवाळ्यानें बांधला. परतीचा पाऊस सरला, शेतांतील चिखल वाळला, नद्यांना उतार पडला, म्हणजे जेथें चार महिने माणूस गुडघ्याइतका रुतत होता तेथेंच गाडी चालूं लागे. आणि मृगाच्या सरी कोसळल्या कीं तोच रस्ता पुन्हां नाहींसा होई. असा हा वर्षाचे सातआठ महिने जगणारा रस्ता जुन्या नकाशांत नीटसा सांपडत नाहीं. परंतु मीठ, धान्य, कापूस, सैन्याचें सामान, साहेबाचे तंबू, सारें त्याच्यावरूनच गेलें. त्या वाहतुकीची हकीकत आज सांगावयाची आहे. तिच्यांत पुष्कळ माणसांच्या पोटाचा प्रश्न गुंतलेला होता आणि तो अजूनहि पुरता सुटलेला नाहीं.

प्रथम भूमीचा आकार ध्यानांत घेतला पाहिजे. जिल्ह्याचे दोन भाग आहेत. उत्तरेस पूर्णेचें खोरें, म्हणजे पायनघाट. मलकापूर, नांदुरा, जळगांव-जामोद, शेगांव आणि खामगांव हा काळ्या कसदार जमिनीचा मुलूख त्यांत येतो. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावरील पठार, म्हणजे बालाघाट. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांव राजा व सिंदखेड राजा हीं गांवें त्या पठारावर आहेत. खालच्या पूर्णेचें पाणी तापींतून पश्चिम समुद्रास जातें. वरच्या पैनगंगेचें व खडकपूर्णेचें पाणी गोदावरींतून पूर्व समुद्रास मिळतें. एकाच जिल्ह्याच्या पाण्यानें असे दोन समुद्र वांटून घेतले आहेत, तर मालानें एक बाजार धरावा ही अपेक्षा करणेंच चूक! खामगांव समुद्रसपाटीपासून सुमारें हजार फूट उंचीवर आहे आणि बुलढाणा एकवीसशेंच्या आसपास. मधली चढण बोथ्याच्या घाटानें किंवा राजूरच्या घाटानें चढावयाची. आज मोटार ती अर्ध्यापाऊण तासांत चढते. भरलेल्या गाडीच्या बैलांना तो अवघ्या दिवसाचा पराक्रम असे.

काळी जमीन ही कपाशीची आई खरी, पण गाडीची ती वैरीणच. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला असा कांहीं लेप चढवते कीं आरे दिसेनासे होतात. कार्तिकांत ती वाळूं लागते. पहिल्या गाडीनें ओल्या मातींत जी दोन चाकांची रेघ काढली तीच पुढें घट्ट होते आणि सबंध हंगाम मागच्या प्रत्येक गाडीला त्याच रेघेंतून जावें लागतें. ‘चाकोरी’ हा शब्द आपण आज वृत्तीविषयीं वापरतों. त्याचा जन्म या मातींत झाला आहे. ज्यानें एकदां भरली गाडी चाकोरीबाहेर काढून पाहिली आहे, त्याला चाकोरी सोडण्याचा उपदेश करणारे लोक फार धाडसी वाटतील.

ऋतूनें रस्ता बांधावा हा प्रकार आपल्याकडेच आहे असें मात्र नव्हे. थंड देशांत तो याहूनहि स्पष्ट दिसतो. कॅनडांत व रशियांत वसंतांतला चिखल वाहतूक बंद पाडतो आणि हिवाळ्याचें बर्फ ती सुरू करतें. कॅनडांतील लांकूडतोडे रात्रीं रस्त्यावर पाणी शिंपडून त्याचें बर्फ होऊं देत, आणि सकाळीं ओंडक्यांनीं भरलेल्या घसरगाड्या घोड्यांकडून त्यावरून ओढवून घेत. आपल्याच देशांत लडाखकडील झंस्कारचे लोक जानेवारी-फेब्रुवारींत गोठलेल्या नदीच्या पाठीवरून चालत लेहकडे येत आले आहेत. त्या वाटेला ते ‘चादर’ म्हणतात. क्वेबेक प्रांतांतील जोसेफ आर्मां बोम्बार्दिए या यंत्रज्ञाचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ मध्यें बर्फानें वाट अडल्यामुळें रुग्णालयापर्यंत पोहोंचूं न शकतां दगावला. पुढें १९३७ मध्यें त्यानें बर्फावर चालणाऱ्या मोटारीचें पेटंट मिळविलें आणि १९५९ मध्यें एकदोन माणसांना बसतां येईल अशी हलकी बर्फगाडी बाजारांत आणली. आतां त्या देशांतील हौशी लोक हिवाळा आला कीं ही बर्फगाडी दुसऱ्या मोटारीमागच्या गाड्यावर चढवून शेंकडों मैल नेतात आणि रानांतील बर्फवाटांवर फिरतात. कोणत्या दिवशीं निघावयाचें, इंधन कोठें मिळेल, मुक्काम कोठें, बर्फ किती दिवस टिकेल, याचा आराखडा ते महिनामहिना आधीं करतात. त्यांची ती हौस आहे. आपल्या घाटावरील माणसाला हाच आराखडा पोटासाठीं करावा लागे, आणि त्यांतील एक कलम चुकलें तर बैल मरत.

या आराखड्याचे पहिले मोठे जाणकार म्हणजे बंजारे, ज्यांना आपल्याकडे लमाण म्हणतात. लवण म्हणजे मीठ, त्यावरून हें नांव पडलें अशी व्युत्पत्ति सांगण्यांत येते. ती खरी असो वा नसो, त्यांच्या धंद्याला ती शोभून दिसते. किनाऱ्याचें मीठ देशावर आणावयाचें आणि देशावरचें धान्य, कापूस, गळिताचें बी परत न्यावयाचें, हा त्यांचा व्यवसाय होता. गाडी त्यांच्याजवळ नव्हती आणि तिची त्यांस गरजहि नव्हती. बैलाच्या पाठीवर दोहों अंगांस लोंबणारी गोणी टाकली कीं तो डोंगर, ओढा, खडक कांहींहि ओलांडून जाई. पुढचा बैल मानाचा. त्याच्या शिंगांना कवड्यांचे गोंडे, गळ्यांत घंटा. तिच्या नादावर मागचे शेंकडों बैल कोणी न हांकतां चालत. बरोबर बायकामुलें, राखणीचीं कुत्रीं, आणि सर्वांवर नाईक.

नाईकाचें ज्ञान काय दर्जाचें असेल याची कल्पना करून पाहावी. पांचशें बैलांचा तांडा जेथें उतरेल तेथें पांचशें बैलांना पुरेल एवढें पाणी आणि चारा असला पाहिजे. चारा विकत घेण्याची सोयच नाहीं. विकत घेतला तर मालाचा सारा नफा बैल खाऊन टाकतील. म्हणून दिवसाची मजल आठ-दहा मैलांहून अधिक नसे. हें अंतर बैलाच्या पायांनीं ठरविलेलें नव्हतें, तें त्याच्या पोटानें ठरविलेलें होतें. सकाळीं चालावें, दुपारीं गोण्या उतरवाव्यात, बैल रानांत सोडावेत. दिवाळीनंतर गवत उभें असतें, नद्यानाल्यांत पाणी वाहतें असतें, आणि थंडीमुळें जनावर दमत नाहीं. फाल्गुन उलटला कीं गवत संपतें, डबकीं आटतात. मग पुढच्या तांड्यानें जेथें चारा उडविला तेथें मागच्यानें जाऊन उपयोग नाहीं, म्हणून कोणता तांडा कोणत्या वाटेनें पुढें गेला याची बातमी ठेवावी लागे. आणि पावसाच्या आधीं कोठें तरी रानांत, बैलांना चार महिने चरतां येईल अशा जागीं, परतलें पाहिजे. हें सारें गणित लिहिण्यावाचण्याची संवय नसलेला मनुष्य डोक्यांत करीत असे. आजच्या वाहतूक कंपन्यांत या कामाला कचेरीभर माणसें लागतात.

वऱ्हाडचा कापूस प्रथम ज्या दिशेनें गेला ती दिशा ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. मुंबई जवळ असतांना तो गंगेकडे जाई. मिर्झापूरला बैलांवरून उतरवावयाचा, तेथून नावांनीं कलकत्त्यास. १८४२ मध्यें अमरावतीच्या एकट्या एका व्यापाऱ्यानें या मार्गानें एक लक्ष बैलांचा कापूस रवाना केल्याची नोंद आहे. अमरावतीपासून मिर्झापूर पांचशें मैल. आठ मैलांच्या मजलेनें दोन महिने केवळ जाण्यास लागत. मुंबईची दिशा दाखविण्याचें श्रेय विकाजी व पेस्तनजी या पारशी पेढीवाल्यांस दिलें जातें. त्यांनीं १८२५-२६ मध्यें वऱ्हाडांतून पांचशें बैलांवर एक लक्ष वीस हजार पौंड कापूस थेट मुंबईस पाठविला. म्हणजे बैलामागें २४० पौंड, आजच्या मापानें सुमारें ११० किलो, ओझें झालें. खामगांवचें भाग्य याच सुमारास उदयास येत होतें. १८२०च्या आसपास तेथें कांहीं व्यापाऱ्यांनीं दुकानें थाटून तूप, सूत आणि थोडासा कापूस यांचा व्यापार आरंभिला होता. अर्ध्या शतकाच्या आंत तें वऱ्हाडांतील सर्वांत मोठें कापसाचें पेठेचें गांव झालें.

बैलाच्या पाठीवरून कापूस नेण्यांत मोठी नासाडी होई. गोण्या रोज भरावयाच्या, रोज उतरावयाच्या, म्हणजे महिन्याच्या वाटेंत त्या कितीदां धुळींत लोळल्या याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. त्यांतून मागचा बैल पुढच्याच्या गोणींतला कापूस ओढून खात चाले! एखादी अवकाळी सर आली कीं तोच कापूस भिजून ओझें दुप्पट होई आणि दुसऱ्या दिवशीं बैल उठेना. ‘हिंदुस्थानचा कापूस घाणेरडा’ म्हणून मँचेस्टरचे गिरणीवाले नाक मुरडीत. भेसळ होत असे हें खरेंच. पण त्या घाणींत शेतकऱ्याच्या लबाडीपेक्षां रस्त्याच्या धुळीचा वांटा कमी नव्हता, असें माझें मत आहे.

लढाया देखील याच वाटेनें आणि याच ऋतूंत झाल्या. १८०३ सालचें इंग्रज-मराठा युद्ध पाहा. असईची लढाई २३ सप्टेंबरला, वऱ्हाडांतील अडगांवची २९ नोव्हेंबरला, गाविलगड पडला १५ डिसेंबरला. पावसाळा सरतांच सेनापति निघाले आणि थंडी संपण्याच्या आंत निकाल लागला. गाविलगडावर जड तोफा डोंगरांतून ओढून न्यावयास इंग्रज फौजेला कित्येक दिवस माणसें आणि बैल झिजवावे लागले. वेलस्लीचीं त्या काळचीं पत्रें चाळलीं तर त्यांत तलवारीपेक्षां बैलांचा विषय अधिक आढळतो. दोन्ही बाजूंच्या लष्करांना धान्य पुरविणारे तांडे बंजाऱ्यांचेच असत आणि लढणाऱ्यांनीं त्यांना सहसा हात लावूं नये असा संकेत होता. हा संकेत दयेंतून आलेला नव्हता. तांडा लुटला तर उद्यां आपल्याच तळावर धान्य कोण आणणार, हा साधा व्यवहार त्यामागें होता.

१८५३ मध्यें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आलें आणि हिवाळी प्रवासाचा एक नवा प्रकार सुरू झाला, तो म्हणजे साहेबाचा दौरा. थंडी पडली कीं जिल्ह्याचे अधिकारी कचेरीसह बाहेर पडत. त्यांची युक्ति पाहण्यासारखी होती. तंबूंचे दोन संच असत. साहेब एका तंबूंत झोपला असतांना दुसरा संच रात्रींच गाड्यांवर पुढच्या मुक्कामीं जाई, आणि सकाळीं साहेब घोड्यावरून दहाबारा मैल आला कीं चहा, टेबल, दप्तर, सारें मांडून तयार! या दौऱ्यानें न्याय गांवापर्यंत पोहोंचला हें नाकारतां येणार नाहीं. परंतु त्या रात्रीं जाणाऱ्या गाड्या कोणाच्या? पुष्कळदां त्या वेठीच्या असत. पाटलाकडे निरोप येई, अमुक गाड्या अमुक ठिकाणीं. नेमकी ती वेळ कपाशीच्या वेचणीची आणि रबीच्या मशागतीची. साहेबाच्या रोजनिशींत त्या दिवसाबद्दल ‘हवा उत्तम, शिकार बरी’ असें लिहिलेलें असावयाचें. गाडीवाल्याची रोजनिशी कोणी ठेवली नाहीं.

पक्क्या सडका होऊं लागल्या तसा पाठीवरचा बैल मागें पडून गाडीचा बैल पुढें आला. कारण उघड आहे. पांच बैलांच्या पाठीवरील ओझें चांगल्या सडकेवर दोन बैल ओढूं शकतात. मात्र गाडीला कांहीं नव्या गोष्टी लागल्या. काळ्या मातींत बैलाच्या खुरांना नाल लागत नाहीं. खडीच्या सडकेवर तो न मारला तर आठ दिवसांत बैल लंगडतो. म्हणून सडकेबरोबर नालबंद आला. चाकाला लोखंडी धाव हवी, म्हणून लोहार आला. आंसाला वंगण हवें, म्हणून तेल्याकडे फेरी आली. गांवच्या सुताराच्या हातीं प्रथमच रोकड पैसा खेळूं लागला तो या गाडीमुळें.

घाटावरून खामगांवच्या पेठेस जाण्याची तयारी कशी होई, तें थोडें विस्तारानें सांगतों. एकटी गाडी सहसा निघत नसे. दहापंधरा गाड्यांचा मेळ जमवीत. बोथ्याच्या रानांत वाघाबिबट्यांचें भय होतें, आणि त्याहूनहि मोडलेल्या आंसाचें भय अधिक होतें. दहा गाड्यांत एखादा तरी सुतारकाम जाणणारा असावयाचा. निघण्याचा दिवस चांदण्यावर धरीत, कारण भरल्या गाड्या रात्रीं चालत. रात्रीं बैलांना ऊन लागत नाहीं, धूळ कमी उडते आणि दिवसा ते निवांत कडबा खातात. कडबा मात्र घरून घ्यावयाचा. कापसाच्या बोजांवर त्याच्या पेंढ्या बांधलेल्या असत. आंसाखालीं कंदील टांगलेला, पुढच्या गाडीवर जागता मनुष्य, मागचे सारे घोंगडी ओढून पेंगत आहेत आणि बैल पुढच्या कंदिलामागें आपोआप चालले आहेत, असा तो देखावा असे.

घाटाच्या माथ्यावर मात्र सर्वांना उतरावें लागे. चढापेक्षां उतार वाईट, ही गोष्ट शहरांतल्या माणसाला सांगूनहि खरी वाटत नाहीं. चढावर बैल थकतो. उतारावर भरलेली गाडी त्याच्या मानेवर येते. मागें दोराला लांकडाचा ओंडका बांधून तो फरफटत ठेवीत, दोन माणसें चाकाशीं दगड घेऊन चालत, आणि एका वेळीं एकच गाडी सोडीत. खालून मीठ, कापड, लोखंड घेऊन वर येतांना उलट व्यवस्था. एका गाडीची जोडी सोडून दुसऱ्या गाडीला पुढें जोडावयाची, चार बैलांनीं ती माथ्यावर न्यावयाची, आणि तेच बैल खालीं आणून दुसरी गाडी चढवावयाची. म्हणजे प्रत्येक बैल तोच घाट दोनदां चढे. वेगळी मजुरी त्याला कोणी दिली नाहीं, परंतु पोळ्याच्या दिवशीं शेतकरी ज्या भक्तीनें त्याचे खांदे तूपहळदीनें शेकतो ती भक्ति कोठून आली हें अशा घाटांत कळतें.

या खडतर धंद्याला एक हौसेचें अंगहि होतें. चांगली जोडी, हलकी दमणी आणि मोकळा रस्ता मिळाला कीं कोण कोणाच्या पुढें जातो याची चुरस लागावयाचीच. वऱ्हाडांत हिवाळ्यांत भरणारे शंकरपट हे या चुरशीचें जत्रेंतलें रूप होय. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें अशा शर्यतींना मनाई केली. पुढें राज्यानें कायदा बदलला आणि २०२३ मध्यें न्यायालयानें तो मान्य केला. बैलाला त्यांत सुख किती आणि दुःख किती, याचा वाद अजून मिटलेला नाहीं, आणि तो मिटूं नये हेंच बरें; वाद चालू आहे तोंवर कोणी तरी बैलाकडे पाहात आहे.

आतां आगगाडीकडे वळूं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून १८६५ पर्यंत तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरचें लक्ष वऱ्हाडाकडे लागलें. कापसाचा भाव चढला, तसा रुळांना वेग आला. थळघाट १८६५ मध्यें खुला झाला आणि १८६७ मध्यें जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोहोंचली. युद्ध संपून भाव कोसळले होते, पण रूळ राहिले. ते पूर्णेच्या खोऱ्यांतून, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव असे गेले. खामगांवची एवढी मोठी पेठ आठ मैल बाजूला राहिली! मग जलंबपासून खामगांवपर्यंत सरकारनें आठ मैलांचा फांटा बांधला आणि १८७० मध्यें खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो खुला करावयास खामगांवीं आले. आठ मैलांसाठीं व्हाइसरॉय येतो, यावरून त्या कापसाची किंमत साम्राज्याला काय वाटत होती तें दिसून येतें.

मुंबईची महिन्याची वाट एकदोन दिवसांवर आली. कापसाला धूळ लागेनाशी झाली, जिनिंग-प्रेस उभ्या राहिल्या, दाबलेल्या गांठी डब्यांत जाऊं लागल्या. बैलगाडीचा मात्र धंदा बुडाला नाहीं, तो वाढला. लांब पल्ला रेल्वेनें घेतला आणि गांवापासून स्टेशनापर्यंतचा आंखूड पल्ला गाडीला मिळाला. खामगांवच्या बाजारांत हंगामांत गाड्यांची जी दाटी होऊं लागली ती रेल्वेच्या आधीं नव्हती. पुढें १९७२ पासून राज्याच्या एकाधिकार खरेदी योजनेंतहि केंद्रांपुढें गाड्यांच्या अशाच रांगा लागत आणि शेतकरी थंडींत गाडीखालीं रात्रीं काढीत.

बुडाला तो तांडा. पाठीवर ओझें वाहणाऱ्या बैलाला आंखूड पल्ल्यावर गाडीपुढें आणि लांब पल्ल्यावर इंजिनापुढें टिकाव धरतां येईना. एका पिढीच्या आंत ज्यांच्यावांचून लष्करें हालत नसत त्या लोकांना काम उरलें नाहीं. कांहींनीं जमिनी धरल्या, कांहीं गुरें पाळूं लागले, पुष्कळ मजुरीला लागले. त्याच सुमारास, १८७१ मध्यें, सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढें त्याचा फांस देशभर पसरला आणि अनेक भटक्या जमातींबरोबर बंजाऱ्यांच्या कांहीं शाखांभोंवतींहि आंवळला गेला. वाट हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांचें वाटेवर असणें हाच संशयाचा विषय झाला. तो कायदा स्वतंत्र भारतांत १९५२ मध्यें रद्द झाला. वऱ्हाडांतीलच गहुली गांवच्या बंजारा कुटुंबांत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों. सांगावीच. पण तिच्यानें तांड्यांतील सर्वांचा प्रश्न सुटला असें समजणें बरोबर होणार नाहीं.

रेल्वेचा सर्वांत मोठा उपकार दुष्काळांत झाला असें म्हणतात. त्याचीहि नीट फोड केली पाहिजे. रेल्वेपूर्वीच्या दुष्काळांत, उदाहरणार्थ १८०३-०४ च्या, धान्य एका प्रांतांत असून दुसऱ्यांत पोहोंचत नसे. कारण पाऊस न पडल्यानें पिकाबरोबर चाराहि जळालेला. वाटेवर गवत नाहीं म्हणून बैल चालूं शकत नाहीं. आणि चारा पाठीवर घेऊन निघाला तर धान्याला जागा उरत नाहीं. वाहतूक जेव्हां सर्वांत अधिक हवी तेव्हांच ती मरे. १८९९-१९००च्या महादुष्काळांत इंजिनाला गवत लागत नसल्यानें धान्य मलकापूर-शेगांवच्या स्टेशनांपर्यंत येऊं शकलें. परंतु स्टेशनापासून चिखली-मेहकरकडे तें चढवावयाचें कोणी? बैलांनींच. आणि बैल तर चाऱ्यावांचून हाडांचे सांपळे झालेले. पायनघाटाला आणि बालाघाटाला एकच दुष्काळ सारख्याच रीतीनें भोगावा लागला नाहीं, याचें एक कारण त्या हजार फुटांच्या चढणींत आहे.

ती चढण आगगाडी अद्याप चढलेली नाहीं. खामगांवहून घाट चढून जालन्यास जोडणाऱ्या लोहमार्गाची मागणी पुष्कळ जुनी आहे. मोजण्या झाल्या, कागद झाले, पण बुलढाणा, चिखली, मेहकर या गांवांस आजहि रेल्वे स्टेशन नाहीं. जलंब-खामगांवचा आठ मैलांचा फांटा मात्र दीडशें वर्षांनंतरहि आहे तेथेंच थांबतो. बालाघाटावरून आतां समृद्धि महामार्ग गेला आहे; नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें सुरू झाला. त्या रस्त्याला पावसाळा हिवाळा सारखाच, आणि त्यावर बैलगाडीस मज्जाव आहे.

तथापि दसरा-दिवाळीच्या सुमारास घाटावरच्या लोणार, सिंदखेड राजाकडील तांड्यांवर आणि वाड्यावस्त्यांवर गेलें तर जुना हंगाम ओळखूं येतो. मुकादमाकडून उचल घेतलेलीं कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. ट्रकमध्यें भांडींकुंडीं, कोपीचें सामान, ज्वारीचीं पोतीं, शेळी, लहान मुलें आणि कित्येकदां बैलहि चढवितात. कांहीं जण गाडीची चाकें काढून तीहि वर बांधतात. पूर्वीं बैलानें सारा संसार पाठीवर वाहून नेला, आतां बैलालाच यंत्राच्या पाठीवर बसवून कामाच्या जागीं नेतात. तेथें उतरल्यावर शेतापासून कारखान्यापर्यंत ऊस पुन्हां तोच ओढतो. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. म्हातारीं माणसें मागें राहून घरें राखतात. उचलीचा पैसा फिटला कीं नाहीं हें चैत्रांत, कारखाना बंद होतांना, हिशेबाच्या वेळीं कळतें, आणि फिटला नसेल तर पुढच्या दिवाळीचा प्रवास त्याच दिवशीं ठरून जातो.